वर्गखोलीचा ट्रक बोलावण्याआधी जोत्याचे दोन्ही कर्ण मोजा

हे पत्रक मुख्याध्यापक, संस्थाचालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि शाळेला खोल्या बांधून देणारे देणगीदार यांच्यासाठी आहे. मॉड्युलर वर्गखोली म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. लोखंडी सांगाडा आणि भिंती-छताची पॅनल आमच्या वर्कशॉपमध्ये तयार होतात, ट्रकने येतात आणि शाळेच्या आवारात जोडले जातात. फोनवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. त्यातला मोठा भाग जोत्याचा आहे, कारण आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

जोतं तुम्ही करा, नकाशा आमचा घ्या

बहुतेक शाळा म्हणतात, "जोतं आम्हीच करून घेतो." आमची काहीच हरकत नाही. गावात गवंडी असतो, लोकवर्गणीतून सिमेंट-खडी जमलेली असते, कुणाचा तरी ट्रॅक्टर मिळतो. तुमचे पैसे वाचतात. गवंड्याच्या हातात कसब नाही असं आम्ही कधीच म्हणत नाही. त्याला सवय विटकामाची असते, आणि विटकामातली दोन सेंटिमीटरची चूक गिलाव्यात जिरते. आमच्याकडे जिरवायला गिलावाच नाही. एक मीटर रुंदीचं पॅनल शेजारच्या पॅनलच्या खाचेत बसतं, त्याच्या खाचेत पुढचं. पहिल्या कोपऱ्यातला फरक असा सरकत सरकत शेवटच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो आणि तिथलं पॅनल काही केल्या बसत नाही.

आमच्या नेहमीच्या खोलीचं माप ६ मीटर बाय ८ मीटर. या मापाचा कर्ण बरोबर १० मीटर येतो, आणि हे माप ठेवण्यामागे तेही एक कारण आहे. गवंड्याला पायथागोरस सांगावा लागत नाही, "दोन्ही कर्ण दहा-दहा भरले पाहिजेत" एवढं पुरतं. होतं असं, की चारही बाजू टेपने मोजल्या जातात, सहा आणि आठ बरोबर भरतात, आणि "माप परफेक्ट आहे" असा निरोप येतो. पण बाजू बरोबर असल्या तरी चौकोन तिरका असू शकतो. एक लांब बाजू पाच सेंटिमीटर सरकली, की एक कर्ण चार सेंटिमीटरने वाढतो, दुसरा तेवढाच घटतो, आणि चारही बाजू मात्र टेपवर अचूकच दिसतात. आम्हाला दोन कर्णांमध्ये ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. आठ सेंटिमीटरचा चालत नाही.

पातळीचंही तसंच. चारही कोपऱ्यांत पाण्याची नळी लावून बघा. इथेही मर्यादा ५ मिलिमीटरचीच. पाणी वाहून जावं म्हणून काही गवंडी फरशीसारखा हलका उतार देतात. सवयीने देतात, चांगल्या हेतूने देतात, पण जोत्याला उतार नको. पाण्याची सोय बाहेरच्या बाजूने करायची असते आणि ती नकाशात दाखवलेली आहे.

बोल्ट का महत्त्वाचे

विटांची किंवा दगडाची इमारत आपल्या वजनाने जमिनीवर बसून राहते. आमची खोली हलकी असते, तिला जमिनीशी धरून ठेवतात ते अँकर बोल्ट. आयएस ८७५ या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर. ३९ मीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ९० किलो वजनाइतका दाब देतो, आणि छताला तो वर खेचतो. आमच्या छताच्या पॅनलचं वजन चौरस मीटरला १२ किलोच्या आसपास असतं. वळवाच्या वादळात शाळांचे पत्रे का उडतात ते यावरून समजेल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी शाळांची छपरं गेली.

भूकंपात गणित उलटं होतं, तिथे हलकेपणा कामाला येतो. लातूर-धाराशिवकडचे ग्राहक हा प्रश्न हमखास विचारतात. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं दबली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांच्या वजनाखाली.

म्हणून ऑर्डर पक्की झाली की नकाशाबरोबर आम्ही लोखंडी टेम्प्लेट, म्हणजे बोल्ट जागच्या जागी धरणारा साचा, पाठवतो. बोल्ट त्यात अडकवायचे, टेम्प्लेट पातळीत बसवायचं आणि मगच काँक्रीट ओतायचं. काँक्रीट घट्ट होईपर्यंत टेम्प्लेट हलवू नका. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून वर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सिमेंट आट्यांत जाऊन बसतं. नंतर बोल्ट वाकडा दिसला तर पाइप घालून सरळ करू नका, आम्हाला फोन करा. आणि कृपा करून बोल्ट कापू नका. एका ठिकाणी मुलं अडखळतील म्हणून सगळे बोल्ट ग्राइंडरने जोत्याच्या पातळीत कापून टाकले होते. काळजी रास्त होती. पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे प्रत्येक बोल्टवर टोपीसारखे घातले की भागतं.

काँक्रीट एम-२० दर्जाचं करा, गवंड्याला एवढं सांगितलं की कळतं. कडेने आळं करून किंवा गोणपाट ओलं ठेवून कमीत कमी सात दिवस पाणी मारा. आम्ही ओतल्यापासून १४ दिवसांच्या आत उभारणीला येत नाही, उगाच आग्रह करू नका.

फोटोशिवाय तारीख नाही

काही जणांना हा नियम आडमुठेपणाचा वाटतो, म्हणून कारण सांगतो. टीम आली, हायड्रा (चाकांवरची क्रेन) उभी राहिली आणि जोतं तिरकं निघालं, तर हायड्राचं भाडं सुरूच राहतं आणि माणसं बसून राहतात. मग काँक्रीट फोडायचं, नवी भोकं पाडून केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवायचे बोल्ट) भरायचे आणि ते घट्ट होईपर्यंत थांबायचं. भोक जोत्याच्या कडेजवळ आलं तर कडच तुटते, तिथे केमिकल अँकरही उपयोगाचा नाही. या सगळ्याचा खर्च आम्ही बिलात लावतो, आणि मग संबंध बिघडतात.

त्यापेक्षा व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा. एका कर्णावर टेप ताणलेला, दुसऱ्या कर्णावर टेप ताणलेला, आणि चार कोपऱ्यांत नळीची पातळी. टेपवरचा आकडा वाचता आला पाहिजे. फोटो बरोबर असले की त्याच दिवशी तारीख देतो. जोतंसुद्धा आमच्याकडूनच करून घेतलं तर हा सगळा व्याप आमचा. त्याचा दर कोटेशनमध्ये वेगळा लिहिलेला असतो, गावच्या गवंड्याच्या दराशी ताडून बघा.

काळी माती असेल तर आधीच सांगा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर नुसतं सोलिंग (दगडांचा थर) टाकून जोतं केलं तर दोन पावसाळ्यांत तडे जातात. मुरूम लागेपर्यंत माती काढायची. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगीर असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब, घ्यायचे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते असल्याच जमिनीसाठी विकसित केले. हलणाऱ्या जमिनीवर हलकी जोड-इमारत ही कल्पना तशी नवी नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरला कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, तिथे १९५७ पासून 'क्लास्प' नावाच्या पद्धतीने लोखंडी सांगाड्याच्या शाळा उभ्या राहिल्या. त्यांच्यात अॅस्बेस्टॉस भरपूर वापरलं गेलं आणि ते पुढे डोकेदुखी ठरलं. आमच्या कुठल्याही बोर्डात किंवा पत्र्यात अॅस्बेस्टॉस नसतं.

आणि रॅम्प विसरू नका. शिक्षण हक्क कायद्यात अडथळाविरहित प्रवेश सांगितलेला आहे. एकास बाराचा उतार धरला तर ४५ सेंटिमीटर उंच जोत्याला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. जोतं झाल्यावर जागा शोधायला गेलात तर तो नेमका ध्वजस्तंभावर येतो.

दिशा ठरते तीही जोत्यातच

वीज वाचवायची सगळ्यात स्वस्त गोष्ट आमच्या बिलात नसते. खोलीच्या लांब भिंती उत्तर-दक्षिण बघतील आणि आखूड भिंती पूर्व-पश्चिम, एवढं केलं की निम्मं काम झालं. पण बरेच जण जोतं कंपाउंडच्या भिंतीला समांतर घेतात, किंवा फाटकातून छान दिसेल असं. मग पश्चिमेच्या लांब भिंतीवर दुपारी तिरकं ऊन येतं, आणि तिरक्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही.

दक्षिणेच्या भिंतीचं तसं नाही. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस मुलांना दाखवत असाल तर हे माहीतच आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दुपारी तो सुमारे ७१ अंशांवर असतो, तेव्हा ६० सेंटिमीटरचा छज्जा १.२ मीटर उंचीची खिडकी पूर्ण सावलीत ठेवतो. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांपर्यंत खाली येतो आणि निम्म्या खिडकीतून ऊन आत येतं. थंडीत ते हवंच असतं.

वास्तूसाठी दार पूर्वेलाच हवं असेल तर पूर्वेच्या आखूड भिंतीत देतो. त्यासाठी अख्खी खोली फिरवू नका.

पॅनलच्या पोटात काय आहे

दुसऱ्याचं कोटेशन आमच्यापेक्षा कमी येतं, याची आम्हाला कल्पना आहे. त्यांना एवढंच विचारा, की दोन पत्र्यांच्या मधे काय भरलंय. थर्माकोल असेल तर दर कमी असणारच. आम्ही भिंतींना रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, वापरतो. ते जड आणि महाग आहे, पण जळत नाही. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत गवताच्या छपराला आग लागून ९४ मुलं गेली. त्यामुळे वर्गखोलीच्या बाबतीत या एका गोष्टीवर आम्ही घासाघीस करत नाही. छताला पीआयआर या सहज न पेटणाऱ्या फोमचं पॅनल असतं, प्रत्येक खोलीला दोन दारं असतात आणि ती बाहेर उघडतात.

५० मिलिमीटर रॉकवूल नऊ इंची विटेच्या भिंतीच्या साधारण चौपट अडथळा उष्णतेला करतं. तरीही जुन्या वाड्याच्या जाड भिंतीसारखा गारवा आमची खोली देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जाड भिंत रात्रीची थंडी साठवून ठेवते, पॅनल काहीच साठवत नाही. ते फक्त बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही, आणि आतली उष्णताही तितकीच अडवून धरतं. बसलेलं एक मूल साधारण ७५ वॉट उष्णता देतं, म्हणजे ४० मुलांच्या वर्गात तीन किलोवॅटचा हीटर दिवसभर चालू असतो. खिडक्या बंद ठेवल्या तर खोली तापणारच. "तुमची खोली गरम होते" अशी तक्रार आली की आमचा माणूस आधी वरचे झरोके उघडे आहेत का ते बघतो. कबुतरं येतात म्हणून बऱ्याचदा त्यांवर पुठ्ठे लावलेले असतात. जाळी मागा, आम्ही फुकट देऊ.

छताचा रंग पांढराच घ्या. लाल कौलारू दिसतो खरा, पण ऊन शोषतो.

चार पंखे आणि सहा ट्यूब जुन्या पद्धतीच्या घेतल्या तर मिळून ६०० वॉटच्या आसपास जातात. बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) पंखे आणि एलईडीवर तेच काम २४० वॉटमध्ये होतं. दिशा बरोबर असेल तर दिवसा ट्यूब लावायची वेळ फारशी येत नाही. म्हणून सोलरचा आकार ठरवण्याआधी आमच्याशी बोला, बहुतेक शाळा गरजेपेक्षा मोठा संच घेतात.

ट्रक, जून आणि कागद

तयार खोली उचलून का आणत नाही, असं विचारतात. आमचं वर्कशॉप शिरवळजवळ आहे. भोरमार्गे महाडला जायचं तर वरंध घाट लागतो, आणि गावात शिरताना कमान आणि विजेच्या तारा असतात. सहा मीटरच्या आतले सुटे भाग साध्या ट्रकने कुठेही पोचतात. ट्रक थेट आवारात येतो की शेवटचं अंतर ट्रॅक्टरने न्यावं लागेल, ते मात्र आधी कळवा.

सगळ्यांना खोल्या १५ जूनच्या आत हव्या असतात. त्यासाठी जोतं एप्रिलमध्ये झालेलं असावं. जिल्हा परिषद शाळांनी जुन्या खोल्यांचं निर्लेखन (त्या पाडायची मंजुरी) आणि तांत्रिक मान्यता हातात आल्यावरच तारीख मागावी. कागद अडकलेले असताना आम्ही माल पाठवून ठेवत नाही, कारण उघड्यावर पडलेलं पॅनल खराब होतं आणि मग ते कुणाच्या खात्यावर टाकायचं यावर वाद होतो.

ताब्यात घेतल्यानंतर

पॅनलमध्ये खिळे ठोकू नका. फळा आणि तक्त्यांसाठी आतून पट्टी दिलेली असते, ती कुठे आहे ते नकाशात आहे. छताला भोक पाडून सोलर किंवा डिशचा खांब बसवला तर गळतीची हमी संपते. शिवणीवर बसणारे क्लॅम्प आमच्याकडे मिळतात. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करा आणि बोल्टचे नट एकदा आवळून घ्या. पहिल्या वर्षी आवळायला आमचा माणूस येतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

टेम्प्लेटची अनामत ते आमच्याकडे आल्यावर लगेच परत देतो. येण्या-जाण्याचं भाडं आमच्याकडे. फक्त त्याच्यावर उडालेलं सिमेंट ओलं असतानाच, टेम्प्लेट न हलवता धुऊन घ्या, आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर काढून पाठवा, पुढच्या शाळेला तेच जातं.