खला

खला म्हणजे ज्यू घरांत शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपणाऱ्या विश्रांतीच्या दिवसासाठी, आणि सणांसाठी भाजला जाणारा, अंडी, तेल आणि साखर घातलेला गोडसर पाव. तो वेणीसारखा गुंफलेला असतो. शब्दाचे अनेकवचन 'खलोत'. हिब्रूतला पहिला वर्ण घशातून, 'ह' आणि 'ख' यांच्या मधोमध उच्चारतात. 'हल्ला' असे लिहिले तर मराठीत वेगळाच शब्द होतो, म्हणून या नोंदीत 'खला' हे रूप घेतले आहे.

मुळात खला हे पावाचे नाव नाही. तोरा या ज्यूंच्या पाच पवित्र ग्रंथांच्या संचातील गणना या ग्रंथातील पंधराव्या अध्यायात आज्ञा आहे की नव्या भूमीतले अन्न खाताना मळलेल्या कणकेतला पहिला वाटा देवासाठी काढून ठेवावा. त्या वाट्याचे नाव खला. हा वाटा किती असावा तेही मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहात ठरवून दिले आहे: घरी मळणाऱ्याने चोविसावा हिस्सा द्यावा, विकण्यासाठी भाजणाऱ्याने अठ्ठेचाळिसावा. तो पुरोहिताला, म्हणजे कोहेनला, मिळत असे. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडले, पुरोहितांची व्यवस्था मोडली, पण कणीक मळणाऱ्या हातांनी वाटा काढणे सोडले नाही. आज सुपारीएवढी गोळी तोडतात, आशीर्वचन म्हणतात आणि ती कागदात गुंडाळून जाळून टाकतात. मराठी वाचकाला इथे पानाभोवतीची चित्राहुती किंवा गाईचा घास आठवेल. फरक इतकाच की खलेची गोळी कोणाच्याच मुखी जात नाही. जो तुकडा खायचा नाही, त्याचे नाव खायच्या पावाला मिळाले, ही या पदार्थाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बाकी वेणी, साखर, तीळ हे सगळे पुष्कळ नंतरचे.

वाटा काढण्याचे बंधन पिठाच्या मापावर ठरते. साधारण १.२ किलोपेक्षा कमी पीठ असेल तर वाटा काढावा लागत नाही. आशीर्वचनासह काढायचा तर अनेक परंपरांत सुमारे १.६७ किलो पीठ लागते. म्हणून पुष्कळ घरांत एकदम दोन किलोचा घाट घालतात आणि जास्तीचे पाव फ्रीझरमध्ये ठेवतात. धान्येही ठरलेली आहेत: गहू, बार्ली, स्पेल्ट (गव्हाचा एक जुना प्रकार), राय आणि ओट. तांदूळ या नियमातून मिश्नानेच वगळला आहे.

वेणी आणि साखर

पहिली हजार-दीड हजार वर्षे शब्बाथच्या पावाला ठरलेला आकार नव्हता. ज्या गावचा जो चांगला पाव, तो त्या दिवशी ताटात येई. पंधराव्या शतकात जर्मन भाषक मुलखातल्या 'लेकेत योशेर' या ग्रंथात योसेफ बेन मोशे यांनी आपल्या गुरूंच्या घरी शुक्रवारी अंडी आणि तेल घालून मळलेल्या खलोत होत असल्याचे नोंदवले आहे. पावाला खला म्हटल्याचा हा सुरुवातीचा उल्लेख. वेणी घातलेले पाव त्या भागातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही होते, आणि आकार तिथूनच आला असे मानले जाते.

गोडी त्याहून अलीकडची आहे. १८०१ मध्ये सायलेशिया या मध्य युरोपीय प्रदेशातल्या कुनेर्न येथे बीटपासून साखर काढणारा पहिला कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत पोलंडच्या बाजूला साखर स्वस्त झाली. तिथल्या ज्यू स्वयंपाकघरांत मासे गोड झाले, तसा पावही गोड झाला. पूर्वेकडे लिथुआनियात तो फारसा गोड होत नसे. जर्मनीतल्या 'बेर्खेस' या भावंडात अंडे नाही, साखर नाही, उकडलेला बटाटा मात्र असतो. मोरोक्कोतल्या घरांत कणकेत बडीशेपेच्या जातीचे बी आणि तीळ पडतात. आज दुकानात दिसणारी पिवळीधमक, गोड खला ही पोलंडहून निघून अमेरिकेत आणखी गोड झालेली शाखा आहे. तीच एक 'खरी' मानण्याचे कारण नाही.

मेजावर खला नेहमी दोन असतात. तोरातल्या कथेत वाळवंटात इस्राएली लोकांसाठी आकाशातून पडणारे अन्न, म्हणजे मान्ना, शुक्रवारी दुप्पट मिळे, त्याची ही आठवण. मान्ना धण्याएवढा, पांढरा आणि मधाच्या पोळीसारखा गोड होता असे निर्गम ग्रंथात म्हटले आहे. वरचे तीळ किंवा खसखस त्याचेच चिन्ह. तो खाली-वर दवाच्या दोन थरांत पडे, म्हणून खाली पाट किंवा ताट आणि वर भरतकामाचे कापड. आधी द्राक्षरसावरचे आशीर्वचन होते, मग कापड दूर होते, पाव मोडून मिठाला लावून वाटतात. रोश हशाना, म्हणजे तिश्री महिन्यातल्या नववर्षाला, खला लांबट नसते, गोल असते, कणकेत बेदाणे असतात आणि मिठाऐवजी तुकडा मधात बुडवतात. वळण घेत पुन्हा सुरुवातीशी येणाऱ्या वर्षाचा तो आकार. या सणासाठी खला करायची असेल तर हीच करावी.

घरी भाजताना

शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, भाजायचे नाही. त्यामुळे सगळा हिशेब उलटा, सूर्यास्तापासून मागे मोजायचा. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटे आधी लागतात. मळण्यापासून पाव गार होईपर्यंत पाच तास धरले तर हिवाळ्यात सकाळीच पीठ भिजवावे लागते. गुरुवारी रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवणे जास्त सोयीचे, आणि थंडीत हळूहळू फुगलेल्या कणकेला चवही अधिक येते.

दोन मोठ्या खलांसाठी १ किलो मैदा, १२० ग्रॅम साखर, १८ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४ अंडी, १२० मिलि तेल आणि ३५० ते ४०० मिलि कोमट पाणी घ्यावे. दूध-लोणी घालत नाहीत. जेवणात बहुधा मांस असते, आणि मांस व दूध एकत्र खाणे ज्यू आहारनियमांत निषिद्ध आहे. अंडी सरळ परातीत फोडायची नाहीत. एकेक पेल्यात फोडायचे, उजेडात पाहायचे, रक्ताचा ठिपका दिसला तर ते टाकून द्यायचे, मगच पिठात घालायचे. अनुभवी बाईच्या हातात ही सवय इतकी मुरलेली असते की बोलणे न थांबवता तिची नजर पेल्यात जाते.

पाणी एकदम ओतू नये. चपातीच्या कणकेपेक्षा सैल पण हाताला न चिकटणारा गोळा हवा, आणि मैदा किती पाणी पिईल हे पिशवीगणिक बदलते. हाताने दहा ते बारा मिनिटे चांगले तिंबावे. झाले की नाही हे पाहायला लिंबाएवढा तुकडा घेऊन बोटांनी ताणावा. फाटण्याआधी त्यातून उजेड दिसू लागला की बस. मग तेलाचा हात लावून, झाकून दीड ते दोन तास ठेवावे. साखर आणि तेल यांमुळे यीस्टचे काम मंदावते, म्हणून साध्या पावापेक्षा वेळ जास्त लागतो. उबेची घाई केल्यास पाव फुगतो खरा, पण त्याला आंबूस वास येतो.

पेड वळणे हे खरे कसब. प्रत्येक पेडाचे वजन सारखे हवे. ते तराजूवरच करावे, अंदाज फसतो. गोळे दहा मिनिटे झाकून ठेवले तर लांबवताना आखडत नाहीत. पेड मध्ये जाड, टोकांना निमुळता असावा, म्हणजे भाजल्यावर पोट भरदार दिसते. नवशिक्याने तीन पेडांपासूनच सुरुवात करावी, आणि ती टोकापासून नव्हे तर मध्यापासून: अर्धी वेणी खाली घालावी, पाव उलटा फिरवून उरलेली पुरी करावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. ज्याला केसांची तिपेडी येते त्याला ही येतेच, फक्त सैल घालायची. घट्ट आवळलेली वेणी भट्टीत कडेने तडकते.

सहा पेडांची पाहायला अवघड वाटते, पण तिचा मंत्र एकच आहे. सहाही पेड वरच्या टोकाला एकत्र दाबायचे. मग सर्वांत उजवीकडचा पेड दोघांवरून, एकाखालून, पुन्हा दोघांवरून न्यायचा. तो डावीकडे पोहोचला की नव्याने उजवीकडे आलेला पेड उचलायचा. असे शेवटपर्यंत. अशा दोन खला मिळून बारा पेड होतात, आणि मंदिरातल्या बारा समर्पित भाकरींशी त्यांचा संबंध जोडतात. गोल खलेसाठी एकच लांब, शेवटाकडे निमुळता पेड घेऊन पगडीसारखा मध्याभोवती गुंडाळतात. बेदाणे पेड वळण्यापूर्वी आत भरावेत. वर राहिलेले बेदाणे जळून कडू होतात.

वेणी झाल्यावर पुन्हा ४५ मिनिटे ते एक तास. बोटाने हलके दाबून पाहावे: खळगा सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजायला घ्यावे, लगेच भरून आला तर थांबावे. फेटलेल्या अंड्याचा हात दोनदा फिरवावा, एकदा वेणी घातल्याबरोबर आणि एकदा भाजण्याआधी. पेडांमधल्या घड्यांतही कुंचला पोहोचला पाहिजे, नाहीतर तिथे पांढऱ्या रेषा राहतात. वर तीळ. १७५ ते १८० अंश सेल्सिअसला ३० ते ३५ मिनिटे. साखर आणि अंडे यांमुळे रंग लवकर चढतो आणि आत कच्चे राहते. विसाव्या मिनिटाला फार तांबूस दिसला तर वर फॉइल टाकावी. पाव उलटा करून तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

मराठी घरांत

मराठी मातृभाषा असलेला ज्यू समाज म्हणजे बेने इस्राएल. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. मात्र वेणीची खला ही त्यांची जुनी चीज नाही. ती मध्य आणि पूर्व युरोपातून आलेली. भट्टी नसलेल्या कोकणी घरात, जिथे रोजचे खाणे भात आणि तांदळाची भाकरी, शुक्रवारचे आशीर्वचन अनेक घरांत गव्हाच्या चपातीवर म्हटले जाई. द्राक्षरसही बाजारचा नसे. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करत, आणि ही रीत आजही टिकून आहे. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांना खला आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते.

नववर्षाचे गोड मात्र त्यांचे स्वतःचे आहे. त्या सणाचे जुने मराठी नाव 'नव्याचा सण', आणि त्या दिवशीचा पदार्थ चिकाचा हलवा. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढायचा, नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर कितीतरी वेळ सतत ढवळायचे, कडेने सुटू लागला की थाळीत ओतायचा. वर काजू, बदाम, पिस्ते पसरून, गार झाल्यावर वड्या पाडायच्या. आता काही घरांत चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरतात. त्याने वेळ वाचतो. चिकाचा तो लवचिक, दातांखाली हलकेच ओढ लागणारा पोत मात्र येत नाही.