चर्चच्या किल्ल्या कोणाकडे?

रविवारची शेवटची मिस्सा आटोपली की फादरांच्या बंगल्यातल्या लांब टेबलावर अर्पणाच्या पिशव्या उलट्या होतात. एक जण नोटा सरळ करतो, दुसरा नाण्यांच्या चवडी लावतो, वहीत आकडा चढतो आणि खाली दोघा-तिघांच्या सह्या. वसईच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीत, वाढलेल्यांना हे दृश्य नवं नाही. काही वर्षांनी फादरांची बदली होते, सह्या करणारे मात्र गावातलेच. म्हणूनच ‘चर्च चालवतं कोण, फादर की गाव?’ हा वाद कोकण किनाऱ्यावर अधूनमधून पेटतो.

सुरुवातीला उत्तर सोपं होतं: राजा. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन व जेझुइट या संघांचे संन्यासी आले. पोपने पोर्तुगालच्या राजाला ‘पाद्रोआदो’ म्हणजे आश्रयदात्याचा हक्क दिला होता. बिशप कोण ते राजाने सुचवायचं आणि चर्चचा खर्चही त्यानेच उचलायचा. ज्याचा पैसा त्याचा हुकूम, इतका साधा कारभार.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तो आधार गेला. युरोपीय संन्यासी निघून गेले. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकर आणि मेणवलीच्या घंटा वसई स्वारीतल्याच, असं सांगतात. मागे उरलेल्या ख्रिस्ती गावांना गोव्याहून आलेले देशी पाद्री मिळाले. माझ्या मते गावाचा चर्चवरचा हक्क मनात रुजला तो याच काळात. वर राजा नाही, आर्चबिशप दूर गोव्यात. अशा वेळी छप्पर गळालं तर बघायचं कोणी?

मुंबई बेटावर प्रकरण आणखी चिघळलं. इंग्रजांनी 1720 साली गोव्याच्या, म्हणजे पाद्रोआदोच्या, पाद्रींना बाहेर काढून रोमने नेमलेल्या कार्मेलाइट संन्याशांना आणलं. पुढे 1794 मध्ये दोन्ही बाजूंना चर्च वाटून दिली. एकाच शहरात दोन अधिकार! त्याचा कळस 1853 साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये झाला. हे चर्च गोव्याच्या बाजूला जाऊ नये म्हणून रोमने नेमलेले बिशप हार्टमन समर्थकांसह आत कोंडून बसले. बाहेर पाद्रोआदोवाल्यांनी वेढा घातला. पंधरवडाभर हे चाललं. अखेर सरकारने मध्ये पडून दारं उघडायला लावली आणि चर्च पाद्रोआदोकडे गेलं. धर्मश्रद्धेच्या गोष्टीत मी नेहमी हा प्रसंग आठवतो, कारण इथे भांडण श्रद्धेवरून नव्हतंच, ते दाराच्या किल्लीवरून होतं.

दुहेरी सत्ता संपायला 1928 चा करार लागला. त्यातली तडजोड मजेशीर होती: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश. त्या पाळीतून सुटून 1950 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत 1998 चा, सिंधुदुर्गचा 2005 चा.

आजच्या कारभाराची चौकट मुख्यतः कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतून, म्हणजे कायद्याच्या संग्रहातून, आली. तिने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली. धर्मग्राम परिषद मात्र बिशपना योग्य वाटलं तर, आणि तिचं मत सल्ल्यापुरतंच. कायद्याच्या व्यवहारात धर्मग्रामाच्या वतीने उभे राहतात ते फादरच. बैठकीत आवाज चढतात ते नेमके इथे. हॉल भाड्याने द्यायचा की नाही यावर गावाने तास-दीड तास वाद घालायचा आणि शेवटी कळायचं की आपण फक्त सल्ला देत होतो. त्याउलट 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला हिशेब तपासून घ्यावे लागतात, तिथे ‘आमचं अंतर्गत आहे’ म्हणून चालत नाही.

या सगळ्या इतिहासात पगारी माणसं सापडत नाहीत. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत पानोपानी पाद्रींच्या सह्या असतात. घंटा वाजवणारा, वेदी लावणारा, खड्डा खणणारा यांची नावं त्यात शोधून बघा. समितीत पगारवाढीचा विषय ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणून सरकतो, हे मी स्वतः ऐकलंय. आणि नवे फादर आले की पहिल्या संध्याकाळी मेणबत्त्या कुठे, पंपाचा खटका कुठला, सिमेट्रीची किल्ली कोणत्या खिळ्याला, हे ते सॅक्रिस्टनला, म्हणजे वेदी लावणाऱ्या त्या पगारी माणसालाच विचारतात.