अफूच्या व्यसनावर अफूच्याच कुळातले औषध

गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, आहारी गेलेल्या माणसाला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज द्यायची, आणि हे औषधही अफूपासूनच बनते, असे कळले की घरचे बिचकतात. एक व्यसन सोडवून दुसरे लावल्यासारखे त्यांना वाटते. ही शंका रास्त आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

हेरॉइन मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटते, त्यांना म्यू-ग्राही म्हणतात. रोजच्या माऱ्याला पेशी सरावतात, तीच मात्रा पुरेनाशी होते आणि ती चुकली की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब लागतात, झोप उडते. व्यसनी माणसे याला ‘टर्की’ म्हणतात. हेरॉइनचा अंमल काही तासांतच ओसरत असल्यामुळे त्यांचा सगळा दिवस पुढची पुडी मिळवण्यात जातो.

ब्युप्रेनॉर्फिन त्याच ग्राहींना हेरॉइनपेक्षा घट्ट धरते, पण त्यांना अर्धवटच चेतवते, आणि त्याचा अंमल दिवसभर टिकतो. त्यामुळे टर्की थांबते, ओढ कमी होते आणि वरून हेरॉइन घेतले तरी त्याची नशा फारशी चढत नाही. ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा एका मर्यादेपलीकडे वाढवली तरी श्वास त्या प्रमाणात मंदावत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची जोड मिळाली, तर मात्र हे संरक्षण टिकत नाही. याच घट्ट पकडीमुळे पहिली गोळी घाईने देता येत नाही. ग्राहींवरचे हेरॉइन एकदम हुसकले गेले तर तीव्र टर्की उसळते, म्हणून तिची लक्षणे आपोआप दिसू लागेपर्यंत डॉक्टर थांबतात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांवर गोळी कुटून जिभेखाली ठेवतात आणि ती विरघळेपर्यंत रुग्णाला परिचारिकेसमोर बसवतात, कारण गिळल्यास यकृत तिचा बराच भाग निकामी करते आणि गोळी तोंडात लपवून बाहेर नेण्याचाही धोका असतो.

या उपचारांचा पाया न्यूयॉर्कमध्ये घातला गेला. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी 1965 मध्ये मेथाडोन या अफूसारखाच परिणाम करणाऱ्या कृत्रिम औषधावरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे रुग्ण शिक्षणाकडे आणि नोकरीकडे वळू लागले होते. फ्रान्सने 1990 च्या दशकाच्या मध्यावर साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली, आणि काही वर्षांतच तिथले अतिमात्रेचे मृत्यू झपाट्याने घटले. 2005 पासून ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

मला सर्वांत काळजी वाटते ती ‘काही दिवस दाखल करून शरीर साफ करू, मग गोळ्या नकोत’ या आग्रहाची. शरीराचा सराव तेवढ्यात सुटतो, ओढ मात्र सुटत नाही. घरी परतलेला माणूस पुन्हा जुन्याच मात्रेकडे वळला, तर तीच त्याचा श्वास थांबवू शकते. म्हणून गोळी अनेक महिने, पुष्कळदा अनेक वर्षे चालू ठेवतात. बंद करायची झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात आणि ओढ परतली तर मात्रा बिनदिक्कत पुन्हा वाढवतात.