रोज चाला म्हणतात, पण चालायचं कुठं?

शुगर निघाली की डॉक्टर पहिलं सांगतात, रोज चाला. बरोबरच सांगतात. चालताना मांडीचे, पोटरीचे स्नायू काम करायला लागले की त्यांच्या पेशींतली ग्लूट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या वरच्या पडद्यावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात, आणि याला इन्सुलिनची गरज लागत नाही. म्हणून तर जेवण झाल्यावर १०-१५ मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते.

पण हे ऐकून बाई घरी येते आणि मग चालणार कुठं? आपल्या सोलापुरात होम मैदान, कंबर तलाव जवळ असेल तर ठीक. पूर्व भागात दिवसभर विडी वळणाऱ्या बायकांचं बघा. मांडीवर सूप, कातरलेली पानं, तंबाखू, दोरा, आणि बोटं मशीनसारखी चालू, बाकी सगळं शरीर एका जागी. सकाळी उठून फिरायला जायचं तर पाणी, डबे, पोरांची शाळा, आणि संध्याकाळी मोकळं होईस्तोवर गल्लीत अंधार, फुटपाथ असला तर त्यावर गाड्या लावलेल्या. अशा बाईला आळशी म्हणणं मला अजिबात पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये आकडे दिले. २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ लोक पुरेशी हालचाल करत नव्हते, पुरुषांत साधारण ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के. पुरेशी म्हणजे आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं, थोडा दम लागेल पण बोलता येईल असं चालणं. निम्मा देश एकदम आळशी झाला असं कसं म्हणणार? माणसाच्या आजूबाजूचं सगळं बदललंय, ते बघायला पाहिजे.

याचा जुना पुरावा लंडनचा आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्ये तिथल्या डबल डेकर बसच्या लोकांवरचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत जिना वर-खाली करत. कंडक्टरांना हृदयविकार कमी झाला आणि ज्यांना झाला त्यांनाही उशिरा. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की कंडक्टरला कुणी व्यायाम कर म्हणून सांगितलं नव्हतं, जिना कामातच होता. (पण जड कष्टाचं काम म्हणजे व्यायाम असंही नाही बरं का, आठ-दहा तास ओझं उचलून शरीराला विश्रांतीच मिळत नाही.)

आपल्याकडं २९ ऑगस्ट २०१९ ला, मेजर ध्यानचंद यांच्या वाढदिवशी, फिट इंडिया मोहीम सुरू झाली. शपथ, सायकल रॅली, शाळेत कार्यक्रम, सगळं चांगलंच आहे आणि लोकांना आठवण राहते. पण खरा फरक रस्त्याने पडतो. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीला सकाळी ७ ते दुपारी २ मोठे रस्ते गाड्यांना बंद असतात, आता १२० किलोमीटरच्या वर, आणि लोक पोराबाळांसकट चालायला, सायकली घेऊन बाहेर पडतात. गुरगावात २०१३ मध्ये राहगिरी नावाने तसंच सुरू झालं होतं. सोलापुरात नवी पेठेपासून पार्क चौकापर्यंत रविवारी सकाळी तीन तास असं करून बघायला काय हरकत आहे?

त्याहून साधी गोष्ट म्हणजे फुटपाथ. रस्ते कसे बांधायचे याचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा नियम आहे की फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर पाहिजे, म्हणजे दोन माणसं आरामात बाजूबाजूनं जातील इतकी, आणि उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर गुडघे दुखणारी माणसं खाली रस्त्यावरूनच चालतात. आपल्या उन्हाळ्यात यात सावली पण धरली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये ४२ डिग्रीच्या वर पारा जातो तिथं सकाळी साडेआठनंतर डांबरी रस्त्यावर चाला म्हणणं धोक्याचंच, पण दोन्ही बाजूला कडुलिंब, करंज असेल तर तासभर जास्त मिळतो. आणि संध्याकाळी चालू असलेला लाईट. बायकांसाठी तर लाईटच पहिला.

शाळेचं मैदान राहिलंच की. पोरांना रोज ६० मिनिटं हालचाल पाहिजे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान पाहिजे असं लिहिलंय. तीच मैदानं शाळा सुटल्यावर संध्याकाळी दोन तास वस्तीतल्या बायकांना उघडी ठेवली, एक वॉचमन आणि दोन दिवे दिले, तर नवीन जागा पण शोधायला नको. वॉर्डाचं बजेट ठरतं त्या वेळी नगरसेवकाला विचारायचा प्रश्न हाच आहे, आमच्या भागातल्या शाळेचं गेट संध्याकाळी कधीपासून उघडताय.