सीईटीच्या गणितात काय ऑप्शनला टाकावे: विद्यार्थी व पालकांसाठी माहितीपत्रक

बारावीची बोर्डाची परीक्षा आटोपली की सीईटीपर्यंत, म्हणजे अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेश परीक्षेपर्यंत, उरलेल्या थोड्या आठवड्यांत आमच्या नागपूरच्या वर्गात येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी, आणि त्याच्यासोबत आलेले आईवडीलही, एकच प्रश्न विचारतात: गणितातली कोणती प्रकरणे ऑप्शनला टाकली, म्हणजे अभ्यासातून सोडून दिली, तर चालतील? प्रश्न रास्त आहे. बारावीच्या पाठ्यपुस्तकाच्या दोन भागांत मिळून १५ प्रकरणे आहेत, त्यांत अकरावीची नेमून दिलेली प्रकरणे मिळवली की सगळ्यांची सारखीच पक्की तयारी करणे फार थोड्यांना जमते. मात्र या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळे निघते, आणि ते कसे काढायचे हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

पूर्वी आम्ही सर्वांना एकच छापील यादी देत असू. ती आमची चूक होती. त्या यादीत ‘लाइन अँड प्लेन’ हे प्रकरण सोडण्याजोगे म्हणून दिले होते, आणि ज्यांचे व्हेक्टर उत्तम होते अशा मुलांनीही केवळ यादीत आहे म्हणून ते सोडले. वास्तविक व्हेक्टर येत असेल तर त्या प्रकरणातील बरेचसे प्रश्न दोन-तीन दिवसांच्या सरावात हाती येतात. तेव्हापासून आम्ही यादी देणे बंद केले.

आधी परीक्षेचे स्वरूप लक्षात घ्यावे. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात गणिताला ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात मात्र एका प्रश्नाला एकच गुण असतो. सुमारे २० टक्के भार अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो, म्हणून गणितात साधारण १० प्रश्न अकरावीचे धरावेत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे प्रकरण सोडणे म्हणजे त्याचा अभ्यास न करणे एवढेच. त्यावरचा प्रश्न कोरा ठेवणे नव्हे. शेवटी आठ प्रश्न उरले आणि चार पर्यायांतून एकेक निव्वळ अंदाजाने निवडला, तरी सरासरीने दोन बरोबर येतात, आणि ते ४ गुण विनाकारण टाकून देण्यात अर्थ नाही. जे विद्यार्थी नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेसाठी जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षाही देतात त्यांनी ही सवय तिकडे जशीच्या तशी नेऊ नये, कारण तिथे चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो.

आता मुख्य मुद्दा. एखादे प्रकरण अवघड वाटते, हे ते सोडण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या प्रकरणावर आणखी किती प्रकरणे उभी आहेत हे आधी पाहावे लागते. डिफरन्सिएशन सोडले की डेरिव्हेटिव्हचे उपयोजन जाते, इंटिग्रेशन लंगडे पडते, इंटिग्रेशनपाठोपाठ क्षेत्रफळाचे प्रकरण आणि डिफरन्शियल इक्वेशन्सही जातात, आणि भौतिकशास्त्रातील दोलनाचे प्रश्नही त्या प्रमाणात कठीण होतात. याउलट मॅथेमॅटिकल लॉजिक किंवा लिनिअर प्रोग्रॅमिंग यांच्यावर पुढचे काहीच अवलंबून नाही. ती सोडली तर नुकसान तेवढ्यापुरतेच होते. पण ती प्रकरणे छोटी आहेत आणि थोड्या वेळात गुण देतात, म्हणून सहसा सोडू नयेत असाच आमचा सल्ला असतो.

पुष्कळदा अख्खे प्रकरण न सोडता त्याचा एखादा भाग सोडणे शहाणपणाचे ठरते. बारावीच्या ‘ट्रिगोनोमेट्रिक फंक्शन्स’मध्ये समीकरणे, त्रिकोणाची उकल आणि इन्व्हर्स फंक्शन्स असे तीन भाग आहेत. वेळ अगदीच कमी असेल तर त्रिकोणाची उकल बाजूला ठेवता येते, परंतु इन्व्हर्स फंक्शन्स डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन या दोन्हींत पदोपदी लागतात, म्हणून तो भाग सोडू नये. तसेच अकरावीच्या परम्युटेशनमधील गोलाकार मांडणीचे प्रश्न सोडले तरी चालेल, पण ‘एनसीआर’ (एन वस्तूंतून आर वस्तू किती प्रकारे निवडता येतात याचे सूत्र) पक्के हवे, कारण प्रॉबॅबिलिटी आणि बायनॉमिअल डिस्ट्रिब्यूशन त्याच्यावाचून सुटत नाहीत.

काही प्रकरणे मुले निव्वळ न उघडल्यामुळे सोडतात. ‘मेजर्स ऑफ डिस्पर्शन’ हे त्यांतले एक. २, ४, ६, ८, १० या संख्यांचा व्हेरिअन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, काढायचा झाला तर सरासरी ६ येते, फरकांचे वर्ग १६, ४, ०, ४, १६ येतात, त्यांची बेरीज ४० आणि तिला ५ ने भागून उत्तर ८. प्रत्येक संख्येला ३ ने गुणले तर व्हेरिअन्स ९ पट होऊन ७२ होतो, आणि प्रत्येकीत ३ मिळवले तर तो ८ च राहतो. एवढे समजलेल्या विद्यार्थ्याला असा प्रश्न १०८ सेकंदांच्या आत सहज सुटतो.

गेल्या हंगामात एका विद्यार्थिनीने पहिल्याच भेटीत सांगितले, “सर, इंटिग्रेशन मला येतच नाही, ते मी सोडते.” तिचा सरावाचा पेपर समोर ठेवून आम्ही चुकलेली उदाहरणे एकेक करून पाहिली. बहुतेक ठिकाणी ती पहिल्याच पायरीवर अडली होती, आणि ती पायरी इंटिग्रेशनची नव्हतीच: १ वजा कॉस २एक्स म्हणजे २ साइन वर्ग एक्स, हे तिला आठवत नव्हते. कच्ची होती ती अकरावीची त्रिकोणमितीची सूत्रे, आणि ती चार संध्याकाळी बसून पक्की झाली. पेपर न पाहता तिच्या म्हणण्याला आम्ही मान डोलावली असती तर तिचे केवढे नुकसान झाले असते, हे आजही आम्हाला वाटत राहते.

म्हणूनच आमच्या वर्गात निर्णयापूर्वी वेळ लावून दोन पूर्ण पेपर सोडवून घेतले जातात. चुकलेला किंवा राहून गेलेला प्रत्येक प्रश्न तीन रकान्यांपैकी एकात लिहायचा असतो: पद्धत माहीत होती पण आकडेमोड चुकली, पद्धत अर्धवट आठवली, किंवा प्रश्न काय विचारतो हेच कळले नाही. पहिल्या रकान्यातील प्रकरण कधीही सोडू नये. दुसऱ्या रकान्यावर उरलेल्या दिवसांतला सर्वाधिक वेळ द्यावा. तिसऱ्या रकान्यात एखादे प्रकरण दोन्ही पेपरांत आले असेल आणि त्यावर दुसरे काही अवलंबून नसेल, तरच ते सोडण्याचा विचार करावा, आणि एकदा सोडल्यावर परीक्षेच्या आदल्या रात्री ते पुन्हा उघडू नये.

हा निर्णय बोर्डाच्या लेखी परीक्षेआधी घेऊ नये, ही पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. तिथे ८० गुणांच्या पेपरात पायरीपायरीला गुण मिळतात, त्यामुळे अर्धवट येणारे प्रकरणही उपयोगी पडते. शिवाय अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मॅट्रिसेस आणि डिफरन्शियल इक्वेशन्स पुन्हा समोर येतात. आता सोडलेला भाग प्रवेशानंतरच्या सुटीत तरी पूर्ण करावा.

या चर्चेसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला ४० मिनिटांची स्वतंत्र वेळ दिली जाते. वर्गातील विद्यार्थ्यांना तिचे वेगळे शुल्क नाही. येताना सोडवलेले दोन्ही पेपर कच्च्या कामाच्या पानांसह आणावेत, कारण चूक नेमकी कुठे झाली ते कच्च्या कामातच दिसते. हिंगणा किंवा कामठीकडून येणाऱ्यांनी उन्हात निघू नये. त्यांच्यासाठी सायंकाळी साडेसहानंतरची वेळ राखून ठेवली आहे.