बिनशेती परवानगी (बेळगाव सीमाभाग)

शेतजमीन घरबांधणीसाठी किंवा अन्य बिगरशेती कामासाठी वापरण्यास महसूल खात्याने दिलेली मंजुरी. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत बोलताना ‘एनए’. कचेरीच्या कागदांवर कन्नड ‘भूपरिवर्तने’.

सध्याचा आधार म्हणजे 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याचे कलम 95. त्याचे मूळ मुंबई इलाख्यात शोधायचे की जुन्या म्हैसूर संस्थानात, याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येते. 1888 ची म्हैसूर संहिता होतीच. पण तीही बव्हंशी 1879 च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या धर्तीवर रचलेली असल्याने मुंबईचे कलम 65 हेच मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, ही मानीव मंजुरीची तरतूद दोन्हीकडे आढळते : मुंबईत तीन महिने, कर्नाटकात मुळात चार. सरहद्द बदलली आणि मुदत महिनाभर लांबली, एवढाच काय तो फरक. बेळगावातील शहापूर मात्र विलीनीकरणापर्यंत सांगली संस्थानात होते. तेथे मुंबईची संहिता थेट लागू नव्हती.

परिवर्तन ही पहिलीच पायरी. त्यानंतर 1961 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली ले-आऊटची, म्हणजे प्लॉट व रस्त्यांच्या आखणीची मंजुरी (शहर परिसरात ‘बुडा’ म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून), मग बांधकाम परवाना आणि खाते (स्थानिक संस्थेच्या दप्तरातील मालमत्तेची नोंद). रस्ते, गटारे, पाणी, वीज यांची कामे झाल्याखेरीज सगळे प्लॉट विक्रीस मोकळे होत नाहीत. रांग टाळण्यासाठी गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे बिनशेती न करताच विकले-घेतले जातात. अशी घरे लवकर उभी राहतात, पण कर्जाला आणि खात्याला अडतात. ती नियमित करण्याच्या ‘अक्रम-सक्रम’ योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्थगिती दिली.

2020 च्या दुरुस्तीने कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यातील कलमे 79अ व 79ब वगळली गेली आणि बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेता येऊ लागली. 2022 मध्ये प्रतिज्ञापत्रावर परिवर्तनाची सोय झाली. दोन्ही सुधारणांचा परिणाम मुख्यतः खरेदी आणि पहिली पायरी यांवर होतो; ले-आऊटची पायरी तशीच राहते. त्यामुळे जमिनीचे व्यवहार वाढले तरी घरे त्याच वेगाने वाढतील असे धरता येत नाही. पलीकडे चंदगड तालुक्यात उलट चित्र : बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावर बंधन कायम, मात्र विकास आराखड्यातील जमिनीस वेगळी बिनशेती परवानगी लागू नये अशी महाराष्ट्राची तरतूद.