बुद्धिबळ आपलंच, पण कोणतं?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने भारताच्याच कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक डावांत, हरवून महिला विश्वचषक जिंकला. अशा विजयानंतर नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडतं: खेळ मुळात आपलाच, आता घरी परत आला. ऐकायला बरं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे.

खरी बाजू आधी. हा खेळ भारतात जन्मला, हे बहुतेक अभ्यासक मानतात. आठ बाय आठ घरांचा पट, म्हणजे अष्टापद, त्याआधीही होता. त्यावर फासे टाकून खेळत. पुढे त्याच घरांत हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ उभं राहिलं आणि चतुरंग तयार झाला. सातव्या शतकातला बाणभट्ट 'हर्षचरिता'त हर्षाच्या राज्यातल्या शांततेचं वर्णन करताना म्हणतो की तिथे चतुरंगाची रचना फक्त अष्टापदावर दिसे. चतुरंग म्हणजे चार अंगांचं सैन्यही; ही कोटी कळायची तर वाचकाला खेळ ठाऊकच हवा. आपल्या दख्खनेतही बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये त्याला जागा मिळाली आहे.

इथून तो इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि त्यांच्यामार्फत युरोपात. पण तोवरचा खेळ फार संथ होता. वजीर तिरका एकच घर सरके. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या बाजूला कुणीतरी त्याला पटभर मोकळं सोडलं, उंटालाही लांबचा पल्ला दिला आणि सगळा मामलाच बदलला. आधी बऱ्याच चालींनंतर जी लढाई जुंपायची, ती आता चौथ्या-पाचव्या चालीलाच गळ्याशी येऊ लागली. माझ्या मते या खेळाचं आजवरचं आकर्षण प्राचीनतेपेक्षा या एका दुरुस्तीमुळे जास्त टिकलं.

आपल्याकडे मात्र देशी पद्धत चालूच राहिली. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येई, आणि शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं बहुतेक ठिकाणी त्या पट्टीचं मोहरं होई, हवं तेव्हा वजीर नाही. वाड्यांमधून रंगणारे डाव ते हे.

या दोन पद्धतींमधलं अंतर मीर सुलतान खानच्या गोष्टीत दिसतं. पंजाबातला हा माणूस लहानपणी देशी बुद्धिबळ शिकला, युरोपीय नियम मोठेपणी. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद त्याने पटकावलं. सुरुवातीच्या चालींचं पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे तुटपुंजं होतं, डावाच्या मध्यात आणि अखेरीस मात्र तो भल्याभल्यांना भारी पडे. १९३३ च्या अखेरीस तो भारतात परतला आणि स्पर्धांच्या जगातून जवळजवळ नाहीसाच झाला. तेव्हा इथे आजच्यासारखा महासंघही नव्हता.

अखिल भारतीय महासंघ आला तो १९५१ मध्ये. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सत्तरच्या दशकात मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद जणू घरातच ठेवलं, आणि रोहिणी तर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद देशाचा पहिला ग्रँडमास्टर, म्हणजे खेळातल्या सर्वोच्च किताबाचा मानकरी, झाला. मराठी मुलखातले प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये, तिसरे.

नागपूर या यादीत उशिरा आलं, पण मग थांबलं नाही. शेजारच्या अमरावतीचा स्वप्नील धोपाडे आधी ग्रँडमास्टर झाला होता. नागपूरचा रौनक साधवानी २०१९ मध्ये तेरा वर्षांचा असताना झाला, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये. उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसलेल्या या शहरात मुलांना पटाशी बसवणं पालकांना सोपं जात असेल, असं गमतीने म्हणता येईल. खरं कारण जास्त साधं आहे: शिकवणारे इथे होते, घड्याळ लावून खेळायच्या मानांकित स्पर्धा होत्या, आणि मुलांना गावोगावी, पुढे परदेशी नेणारे आईवडील होते. यातलं काहीही चतुरंगातून वारशाने आलेलं नाही.

दिव्या तर ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी, गाठीशी नसताना बाटुमीला गेली होती. विश्वचषकाच्या विजेतीला किताब थेट मिळतो, म्हणून ती देशाची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. समोर बसलेल्या हंपीला हाच किताब २००२ मध्ये मिळाला होता, दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधी. तरी दोघींचे क्लासिकल, म्हणजे जास्त वेळेचे, डाव बरोबरीत सुटले आणि निकालासाठी जलद डाव खेळावे लागले.